विश्लेषण : क्षेपणास्त्र येमेनमध्ये, टंचाई डीएपीची… सशस्त्र गटांनी लष्करी समतोल कसा बदलला?

रब्बी हंगाम २०२४. परतीचा पाऊस ओसरला, जमिनीला वाफसा आला आणि हरभरा, गव्हाच्या पेरणीची घाई सुरू झाली. नेमक्या त्याच वेळी महाराष्ट्रासह देशातील अनेक भागांत डीएपी खताची टंचाई जाणवू लागली. बीडसारख्या जिल्ह्यात, जिथे कोरडवाहू रब्बीचे सारे गणित जमिनीतील ओलीवर चालते, तिथे खताची गोणी आठ-दहा दिवस उशिरा मिळणे म्हणजे केवळ गैरसोय नसते. तोवर ओल खाली गेलेली असते.

या टंचाईची जी कारणे केंद्र सरकारने दिली, त्यातले एक कारण बीडपासून हजारो किलोमीटर दूरचे होते. तांबड्या समुद्रातील संकटामुळे खताच्या जहाजांना आफ्रिकेला वळसा घालून यावे लागत आहे आणि प्रवास सुमारे ६,५०० किलोमीटरने वाढला आहे, असे सरकारने स्पष्ट केले. हे संकट कोणत्याही बलाढ्य देशाने उभे केलेले नव्हते. ते उभे केले होते येमेनमधील हुथी या सशस्त्र गटाने. ज्याच्याकडे म्हणावे असे नौदल नाही, हवाई दल नाही, त्या गटाने जगातील एक प्रमुख सागरी मार्ग कसा रोखला? आणि त्याची झळ कृषी सेवा केंद्राच्या दारापर्यंत कशी आली?

हुथी कोण आहेत?

उत्तर येमेनमधील सादा हा हुथींचा मूळ प्रदेश. झैदी शिया पंथातून पुढे आलेल्या या चळवळीचे अधिकृत नाव ‘अन्सार अल्लाह’. सप्टेंबर २०१४ मध्ये त्यांनी राजधानी साना ताब्यात घेतली. मार्च २०१५ मध्ये सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालील आघाडीने त्यांच्याविरुद्ध हवाई हल्ले सुरू केले. सौदीकडे अद्ययावत अमेरिकी लढाऊ विमाने होती, पैसा होता. तरीही हुथींकडून राजधानी परत घेता आली नाही.

आंतरराष्ट्रीय पातळीवर हुथींच्या सत्तेला येमेनचे सरकार म्हणून व्यापक मान्यता नाही. पण बाब-अल-मंडेब सामुद्रधुनीजवळचा तांबड्या समुद्राचा बराच किनारा त्यांच्या ताब्यात आहे. ही सामुद्रधुनी सर्वात अरुंद ठिकाणी जेमतेम ३० किलोमीटर रुंद आहे. युरोप आणि आशिया यांच्यात सुएझ कालव्यातून ये-जा करणाऱ्या प्रत्येक जहाजाला या चिंचोळ्या वाटेतून जावे लागते.

त्यांच्याकडे क्षेपणास्त्रे आली कशी?

सुरुवात झाली ती येमेनी लष्कराच्या कोठारांपासून. सोव्हिएत काळातील ‘स्कड’ आणि ‘तोच्का’ क्षेपणास्त्रे सत्तांतरात हुथींच्या हाती लागली. सप्टेंबर २०१५ मध्ये मारिब प्रांतातील तळावर तोच्का क्षेपणास्त्र पडले आणि संयुक्त अरब अमिरातीचे ४५ हून अधिक सैनिक एका फटक्यात मारले गेले. जुनाट शस्त्रही नेमक्या जागी पडले तर काय करू शकते, हे त्या दिवशी दिसले.

पुढचा टप्पा इराणच्या मदतीचा. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटांनी हुथींच्या क्षेपणास्त्रांच्या आणि ड्रोनच्या अवशेषांत इराणी बनावटीशी जुळणारे भाग वारंवार नोंदवले. इराणने मात्र शस्त्रपुरवठ्याचा आरोप नाकारला आहे. सुटे भाग छोट्या नौकांमधून आणायचे, जोडणी येमेनमध्येच करायची, ही पद्धत रुळली. सप्टेंबर २०१९ मध्ये सौदीच्या अबकैक तेल केंद्रावर हल्ला झाला आणि देशाचे निम्मे तेल उत्पादन काही काळ थांबले. हुथींनी जबाबदारी घेतली, तर अमेरिका व सौदीने थेट इराणकडे बोट दाखवले. जानेवारी २०२२ मध्ये हुथींनी अबुधाबीवर हल्ला केला. त्यात तिघांचा मृत्यू झाला. दोघे भारतीय होते, एक पाकिस्तानी.

तांबड्या समुद्रात नेमके काय घडले?

गाझा युद्ध सुरू झाल्यावर १९ नोव्हेंबर २०२३ रोजी हुथींनी हेलिकॉप्टरमधून उतरून ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज ताब्यात घेतले. हे जहाज तुर्कस्तानहून गुजरातमधील पिपावाव बंदराकडे निघाले होते. इस्रायलशी संबंधित जहाजांवरच हल्ले करू, असे हुथींनी जाहीर केले होते. प्रत्यक्षात इस्रायलशी संबंध नसलेल्या अनेक जहाजांवरही मारा झाला. पुढच्या दोन वर्षांत १०० हून अधिक व्यापारी जहाजे लक्ष्य झाली, चार बुडाली आणि अनेक खलाशांना जीव गमवावा लागला.

याच मोहिमेत समुद्रातील जहाजांवर प्रथमच बॅलिस्टिक क्षेपणास्त्रे डागली गेली. बॅलिस्टिक क्षेपणास्त्र उंच कमान करून वरून आदळते. क्रूझ क्षेपणास्त्र विमानासारखे कमी उंचीवरून येते. ड्रोन सावकाश येतो, पण स्वस्त असतो. तिन्ही एकाच वेळी येऊ लागली तर जहाजाच्या बचाव यंत्रणेची परीक्षा असते. लक्ष्य शोधणेही अवघड नव्हते. टक्कर टाळण्यासाठी व्यापारी जहाजे आपले स्थान रेडिओ संकेतांद्वारे सतत जाहीर करत असतात. ते कोणालाही पाहता येते.

बुडालेल्यांपैकी पहिले जहाज ‘रुबिमार’. १८ फेब्रुवारी २०२४ ला त्यावर क्षेपणास्त्र आदळले आणि २ मार्चला ते बुडाले. त्याच्या पोटात सुमारे २१ हजार टन अमोनियम फॉस्फेट सल्फेट होते. आपल्याकडचे शेतकरी ज्याला ‘वीस वीस शून्य तेरा’ म्हणून ओळखतात, त्याच वर्गातले हे खत. ते भारताकडे येत नव्हते, बल्गेरियाला चालले होते. पण शेतीचा माल या युद्धाबाहेर राहणार नाही, हे तिथेच स्पष्ट झाले.

अमेरिकेचे नौदल त्यांना का रोखू शकले नाही?

याचे उत्तर हिशेबात आहे. ड्रोन किंवा क्षेपणास्त्र पाडण्यासाठी अमेरिकी युद्धनौका जे ‘एसएम-२’ क्षेपणास्त्र वापरतात, त्याची किंमत सुमारे २० लाख डॉलर, म्हणजे अंदाजे १७ कोटी रुपये सांगितली जाते. समोरून येणारा ड्रोन काही लाख रुपयांत तयार होतो. अमेरिकी नौदलाने जानेवारी २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, तोवर या मोहिमेत १२० ‘एसएम-२’ आणि ८० ‘एसएम-६’ क्षेपणास्त्रे खर्च झाली होती. प्रश्न फक्त पैशाचाही नाही. एका युद्धनौकेवर ठराविकच क्षेपणास्त्रे मावतात. ती संपली की ती पुन्हा भरण्यासाठी बंदर गाठावे लागते.

दुसरी अडचण डागणारे हुडकण्याची. विमानतळ लपवता येत नाही, नौदल तळ लपवता येत नाही. ट्रकवर बसवलेला प्रक्षेपक मात्र डोंगराच्या कपारीतून बाहेर येतो, मारा करतो आणि पुन्हा दिसेनासा होतो. अमेरिका आणि ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून येमेनवर हवाई हल्ले केले. मार्च ते मे २०२५ मध्ये अमेरिकेने आणखी मोठी मोहीम राबवली. तिचा खर्च एक अब्ज डॉलरच्या पुढे गेल्याचे वृत्त होते. अखेर ६ मे २०२५ रोजी ओमानच्या मध्यस्थीने अमेरिका आणि हुथी यांच्यात समझोता झाला. दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, हुथींनी ‘मॅजिक सीज’ आणि ‘इटर्निटी सी’ ही दोन व्यापारी जहाजे बुडवली.

तिसरी आणि सर्वात महत्त्वाची गोष्ट म्हणजे धाक. डागलेल्यांपैकी बहुतेक क्षेपणास्त्रे आणि ड्रोन पाडले गेले किंवा चुकले. पण शंभरातले एक जरी लागले तरी विमा कंपनी हप्ता वाढवते. संकटाच्या ऐन भरात एका फेरीसाठी युद्धजोखमीचा हप्ता जहाजाच्या किमतीच्या एक टक्क्याच्या आसपास पोहोचला होता. दहा कोटी डॉलरच्या जहाजाला त्या हिशेबाने एका फेरीसाठी दहा लाख डॉलर मोजावे लागतात. त्यापेक्षा आफ्रिकेला वळसा परवडतो. हुथींना प्रत्येक जहाज बुडवायची गरज नव्हती. मालकाने आपणहून वाट बदलली की त्यांचे काम झाले. सुएझ कालव्यातून इजिप्तला २०२३ मध्ये सुमारे १० अब्ज डॉलर मिळाले होते. २०२४ मध्ये ते उत्पन्न सुमारे चार अब्जांवर आले.

हे गनिमी काव्यापेक्षा वेगळे कसे?

कल्पना जुनीच आहे. १७२८ मध्ये पालखेडच्या मोहिमेत पहिल्या बाजीरावांनी निजामाच्या तोफखान्यासमोर उभे राहणे टाळले. त्यांनी निजामाला हुलकावण्या देत दमवले आणि शेवटी त्याचे पाणी व रसद तोडली. निजामाला तह करावा लागला. तो तह झाला मुंगी-शेवगाव येथे, म्हणजे आजच्या बीड जिल्ह्याच्या शेजारी, गोदाकाठी. तोफा मोठ्या असून उपयोग नसतो, वाट बंद झाली की सैन्य थांबते, हे मराठवाड्याच्या मातीने तीनशे वर्षांपूर्वी पाहिले आहे.

फरक आहे तो अंतराचा आणि मनुष्यबळाचा. बाजीरावांना रसद तोडण्यासाठी हजारो घोडेस्वार स्वतः तिथे न्यावे लागले. आजच्या सशस्त्र गटाला जागचे हलावेही लागत नाही. शेकडो किलोमीटरवरच्या जहाजाची वाट तो डोंगरात बसून अडवू शकतो. दूरवर मारा करण्याची क्षमता हा एके काळी केवळ मोठ्या देशांचा अधिकार होता. क्षेपणास्त्रांनी आणि ड्रोनने ती मक्तेदारी मोडली आहे.

मग प्रत्येक सशस्त्र गट हे करू शकतो का?

नाही. आपल्याच राज्यातले उदाहरण पाहावे. गडचिरोलीत माओवाद्यांनी १ मे २०१९ रोजी जांभुळखेडा येथे भूसुरुंग स्फोट घडवला. त्यात १५ पोलीस आणि एक वाहनचालक असे १६ जण मृत्युमुखी पडले. भूसुरुंगाने एक रस्ता रोखता येतो, एक गाडी उडवता येते. त्यापलीकडे त्याची पोच नाही. माओवाद्यांच्या पाठीशी क्षेपणास्त्रे पुरवणारा देश नव्हता आणि त्यांच्या जंगलाला समुद्रकिनारा नव्हता. हुथींकडे दोन्ही होते. वर डोंगराळ मुलूख आणि लोकवस्तीवर पकडही होती.

क्षेपणास्त्रांचा साठा म्हणजे अभेद्य कवच, असेही नाही. लेबनॉनमधील हेजबोला हा त्याचा धडा. जुलै २००६ मध्ये हेजबोलाने इस्रायलच्या ‘हनित’ या युद्धनौकेवर जहाजविरोधी क्षेपणास्त्र डागले. त्यात चार नौसैनिक ठार झाले. पुढे त्यांच्या साठ्यात लाखाहून अधिक रॉकेट व क्षेपणास्त्रे असल्याचे अंदाज वर्तवले गेले. पण सप्टेंबर २०२४ मध्ये आधी पेजरचे स्फोट झाले, नंतर नेते हसन नसरल्ला मारले गेले आणि साठ्याचा मोठा भाग हवाई हल्ल्यांत नष्ट झाला. शत्रूचे हेर जिथे आतपर्यंत पोहोचतात, तिथे साठा असून नसल्यासारखा होतो.

थोडक्यात, क्षेपणास्त्र सशस्त्र गटाला विजय मिळवून देत नाही. हुथींना त्यामुळे गाझातले युद्ध थांबवता आले नाही, संपूर्ण येमेनही जिंकता आला नाही. त्यांच्या भागातील सामान्य येमेनी माणूस तर उपासमारीत आणि बॉम्बवर्षावात भरडला गेला. क्षेपणास्त्राने मिळते ती दुसऱ्याचा रस्ता अडवण्याची ताकद. आणि रस्ता अडल्याची किंमत बहुतेक वेळा तिसराच मोजतो.

झळ डीएपीपर्यंत कशी आली?

डीएपीमध्ये १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद असते. भारतात स्फुरदाचा कच्चा माल, म्हणजे रॉक फॉस्फेट, फारच कमी सापडतो. त्यामुळे निम्म्याहून अधिक डीएपी तयार स्वरूपात आयात होते. जे देशात बनते, त्यासाठीही रॉक फॉस्फेट आणि फॉस्फरिक आम्ल मोरोक्को, जॉर्डन, सेनेगल, इजिप्त अशा देशांतून येते. नकाशा पाहिला की अडचण कळते. मोरोक्कोहून भारताची जवळची वाट सुएझ आणि तांबड्या समुद्रातून जाते. जॉर्डनचे अकाबा बंदर तर तांबड्या समुद्राच्याच उत्तर टोकाला आहे.

वळशामुळे जहाजाला १० ते १४ दिवस जास्त लागतात. इंधन वाढते, भाडे वाढते. जे जहाज वर्षात ठराविक फेऱ्या करत होते, त्याच्या फेऱ्या कमी होतात. सरकारी माहितीनुसार सप्टेंबर २०२३ मध्ये टनाला ५८९ डॉलर असलेला डीएपीचा दर सप्टेंबर २०२४ मध्ये ६३२ डॉलर झाला. शेतकऱ्यासाठी मात्र ५० किलोच्या गोणीची किंमत १,३५० रुपयेच राहिली. मधला फरक भरून काढण्यासाठी केंद्राने १ एप्रिल २०२४ पासून नेहमीच्या अनुदानाखेरीज टनाला ३,५०० रुपये, म्हणजे गोणीमागे १७५ रुपये विशेष मदत दिली. सुरुवातीला त्यासाठी २,६२५ कोटी रुपयांची तरतूद होती. १ जानेवारी २०२५ रोजी मंत्रिमंडळाने या मदतीला मुदतवाढ दिली. म्हणजे गोणीची किंमत वाढली नाही, तरी वळशाचे भाडे कोणी तरी भरतच होते. ते करदात्याच्या पैशातून गेले.

द्राक्ष उत्पादकांनाही हाच अनुभव आला. नाशिक, सांगलीहून युरोपला जाणारे कंटेनर २०२४ च्या हंगामात कितीतरी दिवस उशिरा पोहोचले आणि भाडे वाढले. नाशवंत मालाला असा उशीर थेट दरात मोजावा लागतो.

सगळे खापर तांबड्या समुद्रावर फोडायचे का?

तसे करणे बरोबर ठरणार नाही. चीनने स्फुरदयुक्त खतांच्या निर्यातीवर घातलेले निर्बंध हे टंचाईचे मोठे कारण होते. किंमत गोठवलेली आणि आयातीचा खर्च वाढलेला, त्यामुळे कंपन्यांनी आयातीत हात आखडता घेतला. गावपातळीवर साठेबाजी आणि ‘लिंकिंग’ ही नेहमीची दुखणी होतीच. डीएपी हवे असेल तर सोबत नको असलेले दुसरे खत किंवा औषध घ्या, ही सक्ती बेकायदा आहे. ती येमेनमधून आलेली नाही. माल मुबलक असतो तेव्हा असे प्रकार फारसे चालत नाहीत. पुरवठ्याची साखळी ताणली गेली, की दुकानदाराचे फावते.

भारताने काय पावले उचलली?

भारत कोणत्याही पाश्चात्त्य लष्करी आघाडीत सामील झाला नाही. मात्र नौदलाने अरबी समुद्रात आणि एडनच्या आखातात मोठ्या संख्येने युद्धनौका तैनात केल्या. त्याचे एक कारण घराजवळचे होते. २३ डिसेंबर २०२३ रोजी गुजरात किनाऱ्यापासून सुमारे २०० सागरी मैलांवर ‘केम प्लुटो’ या टँकरवर ड्रोन आदळला. जहाजावर २१ भारतीय कर्मचारी होते. तटरक्षक दलाच्या संरक्षणात ते मुंबईत आणावे लागले. हा ड्रोन इराणमधून आल्याचा दावा अमेरिकेने केला, इराणने तो फेटाळला.

२६ जानेवारी २०२४ ला हुथींच्या क्षेपणास्त्राने ‘मार्लिन लुआंडा’ या तेलवाहू जहाजाला आग लागली. त्यावरही २२ भारतीय होते. ‘आयएनएस विशाखापट्टणम’वरील पथकाने ती विझवण्यास मदत केली. ६ मार्चला ‘ट्रू कॉन्फिडन्स’वर हल्ला होऊन तीन खलाशी ठार झाले, तेव्हा ‘आयएनएस कोलकाता’ने २१ जणांची सुटका केली. या दोन्ही विनाशिका मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या आहेत.

खताच्या बाबतीत, जुलै २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांनी सौदीच्या ‘मादेन’ कंपनीशी दीर्घकालीन करार केले. त्यानुसार २०२५-२६ पासून पाच वर्षे दरवर्षी ३१ लाख टन डीएपी मिळणार आहे. मादेनचा फॉस्फेट प्रकल्प सौदीच्या पूर्व किनाऱ्यावर, पर्शियन आखातात आहे. त्यामुळे बाब-अल-मंडेब टळते. पण ही वाट होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येते आणि तिच्या काठावर खुद्द इराण आहे. एक चिंचोळी वाट टाळायची तर दुसरी गाठावी लागते, ही आयातीवरच्या शेतीची अडचण आहे.

शेतकऱ्याच्या हाती काय उरते?

ऑक्टोबर २०२५ मधील गाझा युद्धविरामानंतर हुथींचे हल्ले थांबले. पण जहाज कंपन्या लगेच जुन्या वाटेवर परतल्या नाहीत. एकदा बसलेला धाक युद्धविरामाच्या तारखेला संपत नाही. असे संकट पुन्हा आले, तर डीएपीची वाट पाहत वाफसा घालवण्यापेक्षा पर्याय माहीत असलेला बरा.

डीएपीच्या एका गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असते. सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्यांतून सुमारे २४ किलो स्फुरद मिळते आणि २० किलो युरियातून सुमारे ९ किलो नत्र. म्हणजे तीन गोण्या सुपर फॉस्फेट आणि जवळपास अर्धी गोणी युरिया यांतून एका डीएपी गोणीचे काम होते. शिवाय सुपर फॉस्फेटमधून गंधकही मिळते आणि ते हरभरा, सोयाबीनसारख्या पिकांना उपयोगी पडते. वाहतूक आणि मजुरी थोडी वाढते, हे खरे. ‘२०:२०:०:१३’ हाही एक पर्याय आहे. माती परीक्षणात स्फुरद पुरेसे दिसत असेल तर मात्रा कमीही करता येते. सिंगल सुपर फॉस्फेटलाही रॉक फॉस्फेट लागतेच, त्यामुळे आयातीपासून पूर्ण सुटका नाही. पण सगळी मदार एकाच गोणीवर राहत नाही.

सामुद्रधुनीवर कोणाचा ताबा असावा, हे बीड किंवा गेवराईचा शेतकरी ठरवू शकत नाही. मात्र त्याची पेरणी आता तिथल्या डोंगरात लपलेल्या एका ट्रकवरही अवलंबून आहे. क्षेपणास्त्रांनी बदललेला समतोल फक्त लष्करांमधला नाही. युद्धाच्या हिशेबात ज्याचे नावही नसते, त्याच्यावर पडणारा भारही वाढला आहे.